मशरूम घेताना काय मोजावे, काय बघावे?



गणितात आपण ग्रॅम-किलोग्रॅम शिकतो आणि विज्ञानात बुरशी. हे दोन्ही धडे एका भाजीत एकत्र येतात. ती भाजी म्हणजे मशरूम. देगलूरच्या बाजारात मेथी, वांगी, शेवग्याच्या शेंगा घेताना आपल्या हाताला अंदाज असतो. मशरूमचं तसं नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ही भाजी अलीकडे आली. मग प्रश्न पडतात. चार माणसांना किती घ्यायचे? डाग दिसला तर फेकायचे का? बांधावर उगवलेले चालतील का? आज या तिन्हींची उत्तरे पाहू.

मशरूम म्हणजे काय?

मराठीत याला अळिंबी किंवा भूछत्र म्हणतात. ही वनस्पती नाही, बुरशी आहे. हिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करत नाही. कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून घेते. बुरशीचे बारीक धागे आत पसरलेले असतात आणि आपण खातो ती तिची वर आलेली छत्री. ताज्या १०० ग्रॅम मशरूममध्ये ९० ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. हे लक्षात ठेवा, पुढचे सगळे गणित यावर आहे.

मोजायचे कसे?

१) नग मोजू नका, वजन धरा. एक लहान बटण मशरूम १० ग्रॅमचे, तर मोठे २५ ग्रॅमचे असू शकते. म्हणून "दहा मशरूम घ्या" या मापाला अर्थ नाही.

२) पाकिटावरचे वजन वाचा. बटण मशरूमचे पाकीट बहुतेक वेळा २०० ग्रॅमचे असते. आपण बाजारात सवयीने "पावकिलो द्या" म्हणतो आणि हातात पाकीट येतं. पण पावकिलो म्हणजे २५० ग्रॅम! ५० ग्रॅम कमी आले. भावही किलोवर काढून बघा. समजा २०० ग्रॅमचे पाकीट ५० रुपयांना आहे, तर किलोचा भाव २५० रुपये झाला. शेजारी सुटे मशरूम २२० रुपये किलोने असतील, तर ते स्वस्त.

३) वाटीचे माप फसवते. अख्खे मशरूम वाटीत भरले की मधे पोकळी राहते. पातळ काप केले तर घरातल्या मध्यम वाटीत ४५-५० ग्रॅम बसतात. म्हणजे एका पाकिटाचे काप साधारण चार वाट्या होतात.

४) शिजल्यावर आटते. पाणी निघून गेले की चार वाट्यांची भाजी दीड-दोन वाट्यांवर येते. म्हणून चार जणांच्या नुसत्या मशरूमच्या भाजीला दोन पाकिटे लागतात. वाटाणा, बटाटा घालणार असाल किंवा काळ्या मसाल्याचा रस्सा करणार असाल, तर एक पुरते.

५) वाळवलेले असतील तर दहाने भागा. एक किलो ताजी धिंगरी वाळून साधारण १०० ग्रॅम होते. म्हणून २०० ग्रॅम ताज्याच्या जागी २० ग्रॅम वाळलेली भिजत घालावी.

निवडायचे कसे?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात, आणि दोघांची परीक्षा वेगळी आहे.

बटण: उलटे करून टोपीखाली बघा. देठाजवळचा पातळ पडदा मिटलेला असेल तर मशरूम कोवळे. पडदा फाटून आतल्या तपकिरी पट्ट्या दिसत असतील तर ते वयाने मोठे. खराब नव्हे, फक्त लवकर वापरायचे. थोडा तपकिरी डाग म्हणजे हाताळल्याची खूण. कापलेले वांगे हवेत काळे पडते, तसेच हे. पण चिकटपणा, आंबूस वास किंवा पाकिटात साचलेले पाणी असेल तर घेऊ नका. आणि दुधासारखे पांढरेशुभ्र तेच चांगले, असेही समजू नका. काही ठिकाणी मशरूम रसायनाच्या पाण्यात धुऊन पांढरे करतात.

धिंगरी: ही शिंपल्याच्या आकाराची असते. हिला पडदा नसतोच, पट्ट्या पहिल्यापासून उघड्या. म्हणून इथे कडा बघायच्या. कडा नरम आणि अखंड असाव्यात; पिवळ्या पडलेल्या, चिरलेल्या नकोत. बटणाला वाढताना १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो, धिंगरी मात्र २० ते ३० अंशांत येते. गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट तिला चालते. त्यामुळे मराठवाड्यात जवळपास पिकलेली, ताजी धिंगरी मिळण्याची शक्यता जास्त.

घरी आणल्यावर कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. धुताना भिजत ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन पुसा. कढईत गर्दी केली तर पाणी सुटून भाजी लगदा होते. मोठी आच ठेवा आणि मीठ शेवटी घाला.

रानातले मशरूम?

पावसाळ्यात बांधावर, वारुळाजवळ, उकिरड्यावर छत्र्या उगवतात. त्यातल्या काही खाण्याजोग्या असतात, काही जीवघेण्या, आणि दोन्ही दिसायला सारख्या असू शकतात. "चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी", "किड्यांनी खाल्लं म्हणजे चांगलं", "शिजवलं की विष जातं" या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. काही जातींचे विष उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मधे बरे वाटते, आणि तोवर यकृताला इजा होत राहते. म्हणून लेकरांना एकच नियम शिकवा: रानातली छत्री बघायची, खायची नाही. कोणी खाल्लीच, तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

करून बघा

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पाकीट तोला. मग काप करून किती वाट्या होतात ते मोजा. मोठ्यांच्या मदतीने पाणी आटेपर्यंत परता आणि पुन्हा तोला. तीन आकडे वहीत लिहा आणि उत्तरे काढा:

१) किती ग्रॅम पाणी गेले? ते मूळ वजनाच्या किती टक्के?
२) तुमच्या घरातल्या माणसांना नुसती मशरूमची भाजी करायची तर किती पाकिटे लागतील? खर्च किती येईल?

तुमच्या काट्यावर आलेले हे आकडे पुढच्या वेळी बाजारात जाताना सोबत ठेवा. भाजी कमी पडणार नाही आणि पैसेही वाया जाणार नाहीत.