बापाचे घर आणि माहेर

उतारवयातला ख्रिस्ती माणूस स्वर्गाला आपले खरे घर मानतो. ही आशा मराठीत आली की तिला एक खास अर्थ लाभतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशू शिष्यांना आपल्या पित्याच्या घराविषयी सांगतो. मराठी स्त्रीच्या कानी बापाचे घर म्हणजे माहेर. संतांनी पंढरीला माहेर म्हटले, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. बिरसाच्या दक्षिणेला असलेल्या राजनांदगावला जाताना ना. वा. टिळकांना आगगाडीत नवा करार मिळाला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली. संतांची भाषा अशी मराठी उपासनेत रुळली.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. संसारातले माहेर चार दिवसांचे. सासरी परतावेच लागते. आईबाप गेले, भाऊ थकले की तेही तुटते. म्हातारपणीचे एकटेपण तिथूनच सुरू होते. ख्रिस्ती आशेतल्या माहेराला परतपाठवणी नाही, आणि तिथला बाप कधी जात नाही. शब्द जुनाच राहिला, पण त्यातली हुरहुर गेली.

म्हणून या आशेचा अर्थ इथल्या घराकडे पाठ फिरवणे असा होत नाही. टिळक 1919 मध्ये वारले. त्यानंतर लक्ष्मीबाई 17 वर्षे जगल्या. त्या काळात त्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. माहेरची ओढ असलेली बाईसुद्धा हातातले काम उरकूनच निघते.