राज्याचा वकील कुणाचा?

म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये मराठी माणूस शिरला की त्याचे पाय एका चित्राकडे वळतात. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी जलरंगात रंगवलेली, हातात दिवा घेऊन उभी असलेली मुलगी. ज्योतीआड धरलेल्या तळव्यातून उजेड झिरपतो आणि बोटांच्या कडा लालसर होतात. कितीतरी लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं समजून पाहून जातात. २०२५च्या दसऱ्यात मीही त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. बरोबर आतोबा होते. म्हैसूरच्या कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली आहे. ते म्हणाले, “चित्र पाहिलंस, आता वाडा बघ. दसऱ्याला इथं सभा भरायची. रयतेची माणसं दिवाणासमोर उभी राहून बोलायची.”

तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या भाचीने नमुना मतपत्रिकेचा फोटो पाठवला होता. चार रकाने होते. पहिला गव्हर्नरचा, दुसरा लेफ्टनंट गव्हर्नरचा, तिसरा ॲटर्नी जनरलचा आणि चौथा प्रतिनिधीगृहाचा. तिसऱ्या रकान्यात दोन नावं होती: रिपब्लिकन पक्षाचे जेसन मियारेस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जे जोन्स. मतदान ४ नोव्हेंबरला. खाली तिचा प्रश्न: “मामा, बाकीचं कळतं. राज्याचा वकील मतं देऊन निवडायचा म्हणजे काय बघायचं? आणि आपल्याकडे त्याला कोण निवडतं?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे तो निवडला जात नाही, नेमला जातो. राज्यघटनेचं कलम १६५ सांगतं की उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला राज्यपाल महाधिवक्ता म्हणून नेमतील आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहील. राज्यपाल नेमतात म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमतात, हे ओघानं आलंच. घटनेच्या मसुद्यात तर मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की महाधिवक्त्यानेही पायउतार व्हावं, अशी तरतूद होती. ती गळली. प्रघात मात्र राहिला, आणि सरकार बदललं की बहुतेक राज्यांत महाधिवक्ताही बदलतो.

हे पद किती जवळचं आहे, ते त्या वर्षी म्हैसूरकरांनी पाहिलं. दसऱ्याचं उद्घाटन बानू मुश्ताक यांच्या हस्ते करायचं कर्नाटक सरकारने ठरवलं. बानू हासनच्या, कन्नड कथाकार, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या मानकरी आणि व्यवसायाने वकील. चामुंडी टेकडीवरच्या देवीच्या उत्सवाची सुरुवात मुस्लिम बाईने का करायची, असं म्हणत काही जण उच्च न्यायालयात गेले. त्यांत म्हैसूरचे माजी खासदार प्रताप सिंहा होते. सरकारच्या बाजूने महाधिवक्ता शशिकिरण शेट्टी उभे राहिले. हा राज्याचा उत्सव आहे, राज्याने पाहुणे बोलावले आहेत, हे त्यांचं म्हणणं. १५ सप्टेंबरला याचिका फेटाळल्या गेल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही, आणि २२ सप्टेंबरला उद्घाटन झालं. त्या दिवशी म्हैसूरात राज्य जे बोललं ते आपलंच बोलणं आहे, असं मला मनापासून वाटलं.

पण त्याच गावातलं त्याआधीच्या वर्षीचं प्रकरण पाहिलं की गाठ बसते. म्हैसूर नगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘मुडा’ने, केसरे गावातल्या ३ एकर १६ गुंठे जमिनीच्या बदल्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नीला शहरातल्या चांगल्या वस्तीत १४ भूखंड दिले, असं ते प्रकरण. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध चौकशीला मंजुरी दिली. मुख्यमंत्री त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. मुख्यमंत्र्यांचे स्वतःचे वकील वेगळे, राज्यपालांच्या बाजूने केंद्राचे सॉलिसिटर जनरल, आणि राज्य सरकारतर्फे महाधिवक्ता. म्हणजे ज्या पदावर राज्यपाल नेमणूक करतात त्या पदावरचा माणूस राज्यपालांच्याच आदेशाविरुद्ध बोलत होता. २४ सप्टेंबरला न्यायालयाने मुख्यमंत्र्यांची याचिका फेटाळली. त्यानंतर भूखंड परत केले गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी पुरेसा पुरावा नाही असा अहवाल दिला. खरंखोटं ठरवणं न्यायालयांचं काम. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या दालनात राज्य म्हणजे कोण होतं? मंत्रिमंडळ? की मुडाकडे अर्ज टाकून वर्षानुवर्षं वाट पाहणारा म्हैसूरचा कारकून?

आतोबांना हे विचारलं, तेव्हा ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “महाधिवक्ता उठून उभा राहिला की न्यायमूर्ती पेन खाली ठेवून ऐकायचे, असे दिवस मी पाहिलेत. तो सरकारची बाजू मांडायचा, पण कायदा उलट असेल तर तेही सांगायचा. ते ऐकायलाच ते थांबायचे.”

जुन्या म्हैसूर राज्याने अशी माणसं दिली. निट्टूर श्रीनिवास राव हे म्हैसूरचे महाधिवक्ता, मग उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, आणि १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले आयुक्त. भ्रष्टाचारावर नजर ठेवणारी नवी खुर्ची कुणाला द्यायची, असा प्रश्न आला आणि राज्याचा जुना वकील सापडला. शंभरी पार करून ते २००४ मध्ये गेले. दुसरे ई. एस. वेंकटरामय्या. मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपुराजवळच्या खेड्यातले. कायदा शिकले ते बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयात. १९७० मध्ये काही महिने म्हैसूर राज्याचे महाधिवक्ता, त्याच वर्षी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९८९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. आज त्यांची मुलगी बी. व्ही. नागरत्ना सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत.

बी. व्ही. आचार्य यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. उडुपीकडचे हे वकील पाच वेळा कर्नाटकाचे महाधिवक्ता झाले. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांचा जन्म म्हैसूरजवळच्या मेलकोट्याचा, लहानपणीचे काही दिवसही म्हैसूरचे. त्यांच्यावरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूतून काढून कर्नाटकात दिला. आरोपीच मुख्यमंत्री असलेल्या राज्यात निर्भय खटला चालणार नाही, हे कारण. कर्नाटकातर्फे विशेष सरकारी वकील होते आचार्य. २०१२ मध्ये महाधिवक्तापद आणि हा खटला यांपैकी एक सोडायची वेळ आली. त्यांनी महाधिवक्तापद सोडलं, खटला धरून ठेवला. काही महिन्यांनी तोही सोडावा लागला. २०१५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, आणि १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाची शिक्षा कायम केली. राज्यातलं सर्वांत मानाचं वकिली पद सोडून खटल्यामागे जाणारा माणूस कुठल्याही निवडणुकीतून आला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात होर्मसजी सीरवाईंचं नाव घ्यावं लागेल. १९५७ पासून १९७४ पर्यंत, आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता. केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांच्या समोर केरळतर्फे उभे राहून संसदेला घटना हवी तशी बदलता येते, हे त्यांनी मांडलं. ७ विरुद्ध ६ मतांनी घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत जिंकला. आणि आणीबाणी पाहिल्यावर आपल्या ग्रंथात याच सीरवाईंनी तो सिद्धांत मान्य केला. अशिलाची बाजू एक आणि स्वतःचं मत एक, हे दोन्ही उघडपणे सांभाळणारा वकील दुर्मिळ. उलट बाजूचं उदाहरण श्रीहरी अणे यांचं. लोकनायक बापूजी अण्यांचे हे नातू महाधिवक्तापदावर असताना स्वतंत्र विदर्भ आणि मराठवाड्याबद्दल बोलले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राज्याच्या वकिलाने राज्य तोडायची भाषा करावी का, हा प्रश्न रास्त होता. पण सत्तेला नकोसा झाला की हा माणूस एका संध्याकाळी घरी जातो, हेही तेव्हा दिसलं.

आता भाचीच्या मतपत्रिकेकडे. अमेरिकेतल्या ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल लोक निवडतात. पाच राज्यांत गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत तिथलं सर्वोच्च न्यायालय. निवडून आलेला वकील गव्हर्नरच्या पक्षाचा नसला तरी गव्हर्नर त्याला काढू शकत नाही, आणि त्याची ताकद इथंच आहे. १९९४ मध्ये मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. तंबाखूने आजारी पडणाऱ्या गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च राज्याने सोसला, तो तुम्ही भरा, असा साधा हिशेब. १९९८ मध्ये ४६ राज्यांशी कंपन्यांनी तडजोड केली आणि २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर खोकणाऱ्या माणसासाठी राज्याचा वकील असा उभा राहू शकतो, हे वाचलं की आपल्याकडच्या गुटख्याची, तोंडाच्या कर्करोगाची आठवण येते आणि मन चुटपुटतं.

पण त्या निवडणुकीलाही पैसा लागतो. ज्यांच्यावर दावे लागू शकतात त्याच कंपन्यांचे मध्यस्थ ॲटर्नी जनरलना कसे भेटतात आणि देणग्या कशा पोचतात, यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एरिक लिप्टन यांनी २०१४ मध्ये लिहिलं आणि त्या लेखमालेला पुलित्झर मिळालं. शिवाय ही खुर्ची पुढच्या खुर्चीची पायरी होते. बिल क्लिंटन १९७६ मध्ये आर्कान्सासचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले, कमला हॅरिस २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या. टेक्सासमध्ये केन पॅक्स्टन यांच्यावर २०२३ मध्ये महाभियोग चालला. सिनेटने त्यांना दोषमुक्त केलं.

आपल्याकडे हे पद निवडणुकीत आणावं, असं म्हणूनच मला वाटत नाही. उच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाचा खटला सामान्य माणसाला भरायचा असेल तर महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा कारभार बिघडला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा लावण्याचा अधिकार त्याला आहे. ही कामं जवळपास न्यायाधीशाची आहेत. पक्षाचं चिन्ह लावून, गावोगाव सभा घेऊन आलेला माणूस विरोधी नेत्याविरुद्धच्या अर्जावर संमती देताना काय करेल? सीमाप्रश्नाचंच घ्या. महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा दाखल केला, डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव केला. बेळगावच्या त्या दाव्यात दोन्हीकडचे महाधिवक्ते मतं मागून आलेले असते, तर एकालाही अर्धी पायरी खाली उतरता आली नसती.

पण निवडणूक नको म्हणजे जाब नको, असं होत नाही. त्याचा रस्ता घटनेतच आहे, आणि इतिहास म्हैसूरात. दिवाण रंगाचार्लूंनी १८८१ मध्ये प्रजाप्रतिनिधी सभा सुरू केली. पहिली बैठक ७ ऑक्टोबर १८८१ची, दसऱ्याच्या सुमाराची, १४४ सदस्यांची. हिंदी संस्थानांतली ही पहिलीच अशी सभा. आधी सदस्य नेमलेले, १८९१ पासून निवडलेले. मतदार मूठभर, सारा भरणारे आणि शिकलेले. सभेला कायदा करायचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रक अडवायचाही नव्हता. पण वर्षातून एकदा दिवाणाला हिशेब सांगावा लागे आणि तालुक्याच्या माणसाची विहिरीची, रस्त्याची, साऱ्याची तक्रार तोंडावर ऐकावी लागे. पुढे १९०७ मध्ये विधान परिषद आली ती दिवाण व्ही. पी. माधवराव यांच्या काळात. हे विश्वनाथ पाटणकर माधवराव कुंभकोणचे, तंजावरी मराठी घराण्यातले. म्हैसूरच्या विधिमंडळाच्या पायात एक मराठी दगड आहे तो असा.

घटनेचं कलम १७७ महाधिवक्त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार देतं. मत देण्याचा नाही, फक्त बोलण्याचा. आरक्षणाचा किंवा एखादा अडचणीचा कायदा आला की विरोधक ‘महाधिवक्त्यांना सभागृहात बोलवा’ अशी मागणी करतात, आणि बहुधा ती तिथंच विरते. वर्षातून एकदा त्याने यावं, राज्याने कोणते दावे लावले, कोणते मागे घेतले, किती हरले आणि अपिलांवर किती पैसा गेला, हे उभं राहून सांगावं, एवढं तरी आपण मागू शकतो. याला घटनादुरुस्ती लागत नाही.

त्या दिवशी पॅलेसमधून बाहेर पडल्यावर आम्ही जवळच्या टपरीवर कॉफी घ्यायला थांबलो. आतोबांनी कन्नडमध्ये शेजारच्या चौघांना विचारलं, आपल्या राज्याचा महाधिवक्ता कोण? एक बँकेतला, दोन विद्यार्थी, एक रिक्षावाला. दसऱ्याच्या खटल्याची गोष्ट चौघांनाही ठाऊक होती, कोर्टात कोण काय म्हणालं तेही. नाव कुणालाच येईना. रिक्षावाल्याने कप खाली ठेवून विचारलं, “ते आमच्याकडून बोलतात का सरकारकडून?” आतोबांनी मला त्याचं मराठी करून सांगितलं, आणि भाचीला उत्तर म्हणून मी तेच वाक्य पाठवलं.