स्मृतिभ्रंशातील संशय, भास व आनुवंशिकता

हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर या भागांतून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक विसराळूपणाची तक्रार क्वचितच प्रथम सांगतात. सासूबाई सुनेवर दागिने चोरल्याचा आळ घेतात, वडिलांना मृत नातलग दिसतात, हेच गाऱ्हाणे असते. नंतर दबक्या आवाजात प्रश्न येतो : हे घराण्यातून उतरते काय? नातीच्या सोयरिकीच्या वेळी सांगावे लागेल काय?

ही लक्षणे नवी नव्हेत. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तपासलेल्या ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या रुग्णेच्या विकाराचा आरंभच पतीविषयीच्या संशयाने झाला होता.

एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'एपीओई' जनुकाचा 'ई४' प्रकार अल्झायमर विकाराचा धोका वाढवितो, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. मात्र संशय वा भास कोणास होतील, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. एका घरातील दोन भावंडांना हा विकार झाला व एकास भास होत असले, तर दुसऱ्यासही होण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहेच. २०२१ मध्ये बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून या लक्षणांशी निगडित दोन जनुकस्थाने प्रथमच हाती लागली. एकच एक जनुक दोषी नाही. वहीतील शेकडो किरकोळ नोंदींची बेरीज व्हावी, तसा हा प्रकार आहे. त्याच अभ्यासात छिन्नमनस्कतेशी लक्षणीय आनुवंशिक नाते आढळले नाही, नैराश्याच्या लक्षणांशी मात्र आढळले. 'घराण्यात वेड आहे' हा शिक्का म्हणूनच अन्यायकारक आहे. आजीच्या वार्धक्यातील संशयावरून नातीचे स्थळ मोडण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही.

जनुक-तपासणीची सोय रुग्णालयाने करावी, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे. तिच्या निष्कर्षाने या लक्षणांवरील उपचार आज बदलत नाहीत. सबब देणगीचा पैसा त्यावर खर्चणे आम्हांस उचित वाटत नाही. दोन-चार दिवसांत अचानक बळावलेल्या भासांमागे पुष्कळदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ वा नवे औषध असते. मोतीबिंदूने अंधुक झालेली दृष्टीही भर घालते. ही कारणे साध्या तपासणीत सापडतात व बरीही होतात. नातेवाइकांनी येताना चालू असलेली सर्व औषधे, वैदूकडील पुड्यांसह, पिशवीत घालून आणावीत.