पोटभाडेकरू ठेवून बघा!

नवी ऑपरेटिंग सिस्टीम ट्राय करायची खाज आहे, पण लॅपटॉप एकच आणि त्यावरच रोजीरोटी? माझ्यासारख्या फ्रीलान्सर मुलीसाठी हा प्रश्न भलताच जिव्हाळ्याचा. मुलाखती, अर्धवट लेख, बिलं, सगळं त्याच डब्यात. तिथे प्रयोग कोण करणार, बॉस?

यावर उतारा आहे व्हर्च्युअल मशीन. फंडा सोप्पा. व्हर्च्युअलबॉक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपची थोडी रॅम, थोडी डिस्क बाजूला काढून एक लुटुपुटीचा कॉम्प्युटर उभा करतं. त्यात दुसरी सिस्टीम पोटभाडेकरूसारखी राहते. तुम्ही स्वतःहून एखादा फोल्डर शेअर केला नाहीत, तर तिला फक्त तिची खोली दिसते. तुमच्या कपाटाला हात लागत नाही.

माझा सध्याचा पोटभाडेकरू म्हणजे हायकू. तिची स्टोरी भन्नाट आहे. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी ‘बी’ कंपनी काढली आणि बीओएस बनवली. १९९६ मध्ये ॲपल ही कंपनी विकत घेण्याच्या बेतात होती. पण बोलणी फिसकटली. ॲपलने स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट घेतली, आणि आजच्या मॅकओएसचा पाया तिथे घातला गेला. २००१ मध्ये ‘बी’ पामला विकली गेली. खेळ खल्लास? छे! त्याच वर्षी चाहत्यांनी बीओएस जवळजवळ शून्यापासून पुन्हा लिहायला घेतली. २००४ मध्ये तिचं नाव हायकू झालं. पाचवी बीटा आली थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. आहे की नाही चिकाटी?

इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर आयएसओ फाइल उतरवा, मशीन बनवा, इन्स्टॉल करा. किमान ३८४ एमबी रॅमवर भागतं. मी ऐसपैस दोन जीबी दिली. खिडक्यांना पिवळे टॅब, आणि दोन खिडक्या चक्क एकमेकींना चिकटवता येतात. सेटिंग्जशी खेळण्याआधी स्नॅपशॉट काढून ठेवा. काही बिघडलं की क्षणात मागे!

रोजचं सगळं ऑफिस हायकूवर हलवता येईल, असं मी म्हणणार नाही. पण बाजारात हरलेली एक कल्पना माणसांनी केवळ प्रेमापोटी वीसहून जास्त वर्षं जगवली, ती स्वतः चालवून बघता येते, हे थोडं आहे का? तेही डेडलाइन आणि डेटा दोन्ही सुखरूप ठेवून. ना डिपॉझिट, ना पागडी. नाही पटलं, तर एका क्लिकवर खोली रिकामी!