चाळिशीनंतरची नोकरी: रांग बदलून पाहा

महाराष्ट्रात सरकारी नोकरीचं दार खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारासाठी साधारणपणे ३८व्या वर्षी बंद होतं, मागासवर्गीय उमेदवारासाठी ४३व्या. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटापुरती आहे. खासगी कंपन्यांना तर आकडा छापायचीही गरज नसते. जाहिरातीत ‘यंग अँड डायनॅमिक’ एवढं आलं, की पंचेचाळिशीच्या माणसानं काय ते समजून घ्यायचं. दाद मागावी तर तशी सोयही नाही. अमेरिकेत १९६७च्या कायद्यानं चाळिशी ओलांडलेल्यांना केवळ वयामुळे नाकारण्यापासून संरक्षण दिलं आहे. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीतल्या भेदभावाची जी कारणं निषिद्ध ठरवली आहेत, त्यांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. खासगी नोकरीत वयावरून होणारा भेदभाव रोखणारा सर्वसाधारण कायदाही आपल्याकडे नाही.

या बंद दारापाशी येऊन थांबणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची आहेत. मुलं लहान म्हणून सहा-सात वर्षं घरी राहिलेली पुण्याची सॉफ्टवेअर इंजिनिअर. सतरा वर्षं फौजेत काढून ऐन तिशीत पेन्शनीवर गावी आलेला साताऱ्याचा हवालदार. कारखान्याला टाळं लागल्यावर पन्नाशीत रिकामा झालेला ठाण्याचा सुपरवायझर. आणि ५८व्या वर्षी निवृत्त झालेला, पण अजून खणखणीत असलेला राज्य सरकारी कर्मचारी. मुंबईनं हे सगळं १९८२च्या गिरणी संपानंतर फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि मागावर उभं आयुष्य गेलेल्या अनेकांना वॉचमनगिरी किंवा भाजीची गाडी पत्करावी लागली. हातात कसब भरपूर होतं. ते दाखवणारा कागद मात्र नव्हता.

आज काम शोधायला निघालेला माणूस बहुधा पहिल्यांदा नोकरीच्या पोर्टलवर जातो, बायोडेटा चढवतो आणि दिसेल त्या जागेला अर्ज करत सुटतो. महिनाभरात शे-दीडशे अर्ज जातात, उत्तर एकाचंही येत नाही. यात त्याची लायकी कुणी तपासलेलीच नसते. भरती करणारा माणूस पोर्टलवर आधी चाळण्या लावतो: अनुभव किती वर्षांचा, सध्या नोकरीत आहे का, शेवटचा पगार किती. ज्याची शेवटची नोकरी पाच वर्षांपूर्वी संपली, त्याचा अर्ज माणसाच्या नजरेला पडण्याआधीच गळतो. ही रांग पंचविशीतल्यांसाठी आखलेली आहे. तिथं ताटकळण्यापेक्षा ज्या रांगेत वयाचा आणि खंडाचा हिशेब वेगळा होतो, तिथं वेळ घालवलेला बरा. अशा रांगा आहेत.

पहिली रांग ओळखीची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ही जागा कळली कशी? ज्यांना ती ओळखीतून कळली होती, त्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती रोजच्या उठबशीतल्या माणसानं सांगितली होती. जवळजवळ ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्यानं आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्यानं. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातलं कारण साधं आहे: जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी खबर दूरच्या ओळखीकडून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यानंही हे बऱ्याच अंशी खरं ठरवलं.

खंड पडलेल्या माणसाला हे विशेष लागू पडतं. त्याला वाटतं, इतक्या वर्षांनी जुन्या साहेबाला फोन कसा करायचा? पण नेमका तोच फोन कामाचा असतो. जुना सहकारी, माल पुरवणारा व्यापारी, ऑडिटला येणारे सीए, कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एरवी गप्प असणारा मित्र, अशी यादी कागदावर काढावी. आणि ‘माझं कुठे तरी बघा’ असं मोघम गाऱ्हाणं न घालता नेमकं विचारावं: तुमच्याकडे स्टोअरचं काम कोण बघतं? त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का? यात वशिला मागितलेला नसतो, माहिती मागितलेली असते. आणि माहिती द्यायला लोक सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसरी रांग खास परतणाऱ्यांसाठीच उघडलेली. २००८ मध्ये गोल्डमन सॅक्सनं न्यूयॉर्कमध्ये ‘रिटर्नशिप’ सुरू केली: नोकरीत खंड पडलेल्यांना काही आठवडे पगारी काम द्यायचं, दोघांनी एकमेकांना पारखायचं, जमलं तर कायम करायचं. त्याच वर्षी टाटा समूहानं करिअरमध्ये खंड पडलेल्या व्यावसायिक स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर्स’ हा उपक्रम आणला. त्यात ठरावीक मुदतीचे प्रकल्प आणि वेळेची मोकळीक होती. पुढे आयटी कंपन्यांनीही असे कार्यक्रम काढले. टीसीएसचा ‘रीबिगिन’, विप्रोचा ‘बिगिन अगेन’, इन्फोसिसचा ‘रीस्टार्ट’ ही त्यांतली काही नावं. इथल्या अर्जात खंड हा दोष धरला जात नाही. तीच पात्रता असते. चेन्नईत सौंदर्या राजेश यांनी २००० मध्ये ‘अवतार’ ही संस्था काढली आणि बंगळुरूत नेहा बगारिया यांनी २०१५च्या महिला दिनी ‘जॉब्ज फॉर हर’ (आता ‘हरकी’) सुरू केलं. दोघींनीही स्वतः करिअरमधला खंड अनुभवला होता.

विज्ञान शिकलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. खंडानंतर संशोधनाकडे वळण्यासाठी पाठ्यवृत्ती आणि पेटंटच्या क्षेत्रातलं प्रशिक्षण असे मार्ग तिच्यात आहेत. प्रयोगशाळेत परतणं शक्य नसलेल्या अनेक जणींनी हा पेटंटचा रस्ता धरला. दहावी झालेल्या स्त्रियांसाठी एलआयसीनं डिसेंबर २०२४ मध्ये ‘विमा सखी’ योजना आणली. तिची वयोमर्यादा १८ ते ७०. पहिली तीन वर्षं विद्यावेतन मिळतं, ते दरवर्षी कमी होत जातं आणि त्याला कामगिरीच्या अटी आहेत. शेवटी ते एजंटाचं, कमिशनचं काम आहे, हे आधीच समजून घ्यावं.

माजी सैनिकांची रांग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लागते. पुण्याचं ‘मेस्को’ म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ आणि दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय त्यांच्यासाठी काम आणि प्रशिक्षण पाहतात. सरकारी भरतीत आरक्षण आणि वयाची सवलतही असते. अडचण असते ती अनुभव सांगण्याच्या भाषेची. ‘क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये सहा वर्षं’ हे वाचून चाकणच्या कारखान्यातल्या एचआर अधिकाऱ्याला काही बोध होत नाही. तेच ‘चारशे प्रकारच्या मालाची आवकजावक, वार्षिक मोजणी, हाताखाली आठ माणसं’ असं लिहिलं, की त्याला आपला स्टोअरकीपर दिसू लागतो.

बायोडेटाची गोष्ट इथूनच सुरू होते. आपल्याकडचा जुना नमुना म्हणजे जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, दहावीचे टक्के, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. आज यातलं जवळपास काहीच लागत नाही. जन्मतारीख गाळावी, दहावीचं साल गाळावं. गेल्या दहा-पंधरा वर्षांचं काम तपशिलात, त्याआधीचं दोन ओळींत. खंड मात्र लपवू नये. सालांची कसरत मुलाखतीत उघडी पडतेच. ‘२०१७ ते २०२३: कुटुंबातील आजारपणामुळे पूर्णवेळ विराम’ एवढी एक ओळ पुरते. लिंक्डइननंही २०२२ पासून असा विराम नोंदवायची रीतसर सोय दिली आहे. त्या काळात सोसायटीचे हिशेब पाहिले असतील, शिकवण्या घेतल्या असतील, तर तेही काम म्हणूनच लिहावं.

मात्र खंडाची ओळ वाचून मालकाला पडणारा खरा प्रश्न वयाचा नसतो. याला आजचं काम येतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. २०१५ मध्ये नोकरी सोडलेली अकाउंटंट व्हॅट कोळून प्यायलेली असते. पण जुलै २०१७ पासून जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल आलं, ई-इनव्हॉइस आलं, टॅलीची नवी आवृत्ती आली आणि १ एप्रिल २०२६ ही १९६१चा आयकर कायदा जाऊन नवा लागू होण्याची तारीख. पहिली ते आठवीला शिकवायचं असेल, तर डीएड-बीएडबरोबर टीईटी लागते. परिचारिका आणि डॉक्टरांनी आधी आपापल्या कौन्सिलमधली नोंदणी चालू आहे का ते पाहावं. अशी उजळणी करायला मोठी पदवी लागत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा केंद्राचं ‘स्वयम्’ पोर्टल यांवरचा एखादा छोटा अभ्यासक्रम आणि ओळखीच्या सीएकडे दोन महिने अर्धवेळ काम, एवढ्यानं बायोडेटावर चालू सालची नोंद येते. गिरणी कामगारांकडे जो कागद नव्हता, तो मिळवायची वाटही आता आहे. कौशल्य विकास योजनेतल्या ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ या मार्गानं वेल्डर, गवंडी, सुतार अशांची अंगी असलेल्या कसबाची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं.

साठी उलटलेल्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयानं २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे पोर्टल काढलं. तिथं नोंदणी करायला हरकत नाही, पण या वयात काम बहुतेकदा पूर्णवेळ नोकरीच्या रूपात येत नाही. लहान कारखान्याला कायमचा फायनान्स मॅनेजर परवडत नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा निवृत्त बँक अधिकारी परवडतो. शाळा, पतसंस्था, रुग्णालयं, गृहनिर्माण संस्था यांना अशा माणसांची गरज असते आणि तिथं पांढऱ्या केसांचं वजनच पडतं.

मुलाखतीत दोन प्रश्न येणार हे धरूनच चालावं. ‘तुमच्यापेक्षा लहान साहेबाच्या हाताखाली जमेल का?’ आणि ‘एवढा अनुभव असताना ही जागा का?’ ‘हो, का नाही?’ या उत्तरानं समाधान होत नाही. तरुण वरिष्ठाबरोबर केलेल्या एखाद्या कामाचा दाखला द्यावा. पगाराची बोलणी जुन्या पगारावरून करू नयेत; आज त्या जागेला बाजारात काय मिळतं ते दोघा-तिघांना विचारून जावं. सुरुवातीला थोडं कमी घ्यावं लागलंच, तर सहा महिन्यांनी फेरविचार होईल असं लेखी घ्यावं. आणि ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. खरा मालक नोकरीसाठी पैसे मागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

रुजू होताना जुना यूएएन क्रमांक द्यायला अनेक जण विसरतात आणि पीएफचं दुसरंच खातं उघडून बसतात. ईपीएफओच्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते; ती सलग असण्याची अट नाही. सात वर्षं नोकरी करून घरी राहिलेल्या स्त्रीनं पेन्शनची रक्कम काढून घेतली नसेल, तर जुनी सेवा नव्या खात्याला जोडून ५८ वर्षं पूर्ण होण्याआधी आणखी तीन वर्षं भरताच ती मासिक पेन्शनला पात्र होते.