बंदिवानाचे श्रम आणि गांवाचें कर्तव्य

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या महसुली दफ्तरांत माझी नोकरी झाली. आंबेगांवच्या एका गांवचे उतारे तपासतांना एका चांगल्या काळ्या जमिनीपुढें वर्षानुवर्षें ‘पड’ अशी नोंद दिसे; कारण खातेदार तुरुंगांत होता. शिक्षा भोगून तो परतला, तेव्हां त्यास कोणीं औत दिलें नाहीं, कोणीं सावडींत घेतलें नाहीं. मीही चावडीवर त्याच्याशीं उभ्यानेंच बोललों. पुढें जमीन गहाण पडली व तो मुंबईस हमालीस गेला. ही गोष्ट अद्याप मनास टोंचते. म्हणून हा लेख.

तुरुंगांतील श्रम म्हणजे केवळ सक्तमजुरी, अशी आपली समजूत असते. परंतु मातीचें काम विश्वासानें सोंपविलें तर काय घडतें, हें औंध संस्थानानें दाखविलें. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून, सन १९३९ मध्यें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत स्थापिली. तेथें तुरुंगाची उंच भिंत नाहीं. चांगल्या वर्तणुकीचे निवडक बंदिवान बायकामुलांसह राहून शेती करितात. सन १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, तरी वसाहत टिकली. आज ती सांगली जिल्ह्यांत राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. व्ही. शांताराम यांचा सन १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. आपल्या जिल्ह्यांत येरवड्यासही खुलें कारागृह आहे. पळावयास वाट मोकळी असतां जो सायंकाळीं आपण होऊन परत येतो, त्याचें मन औतामागें चालतांनाच वळणावर आलेलें असतें.

आतां कायद्यानेंही एक पाऊल पुढें टाकिलें आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली. पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची पहिलीच चोरी करून माल परत देणारा, किंवा चारचौघांत दारू पिऊन धिंगाणा घालणारा, अशांस न्यायालय बिनमोबदला लोकोपयोगी काम लावूं शकतें. तेव्हां ग्रामपंचायतींनीं पाणंदी, ओढ्यांतील गाळ, गायरानांतील झाडें अशा कामांची यादी करून जुन्नर व घोडेगांव येथील न्यायालयांपुढें ठेवावी. मात्र तें काम गांवाचेंच असावें. कोणा बागाइतदाराच्या मळ्यांतील फुकट मजुरी होऊं नये.

ज्या घराचें नुकसान झालें त्याचें दुःख विसरावें, असें माझें म्हणणें नाहीं. पण शिक्षा भोगून झाल्यावर गांवानें ती पुन्हां द्यावी, हा न्याय नव्हे. शेतकरी बंधूंनो, असा मनुष्य परत आला, तर कांदालागणीच्या सावडींत त्यास एक वाफा तरी द्या. उताऱ्यावरील ‘पड’ ही नोंद कारकुनाच्या लेखणीनें पुसत नाहीं. ती शेजाऱ्याच्या औतानें पुसते.