राफ्टवर जॅकेट, बंधाऱ्यावर काहीच नाही

शिरूर किंवा दौंडहून राफ्टिंगला निघालेली गाडी पुणं ओलांडून पौडमार्गे मुळशीला पोहोचते, धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने ताम्हिणी घाट गाठते आणि कोलाडकडे उतरते. मुळशीचं पाणीही त्याच दिशेने उतरतं. मुळा नदी तिथे अडवली नसती, तर हे पाणी पुण्यात मुठेला मिळालं असतं, मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत आलं असतं आणि दौंडच्या पुलाखालून पुढे गेलं असतं. त्याऐवजी ते १९२७ पासून टाटांच्या भिरा वीजगृहावर पाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं, टर्बाइन फिरवतं आणि कोलाडच्या कुंडलिका नदीत सोडलं जातं. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. त्याचे नेते सेनापती बापट शिरूरच्या शेजारच्या पारनेरचे. मुळशीचं पाणी पूर्वेकडे वळवा, ही दौंडकरांची मागणी आजही जिवंत आहे. म्हणजे कोलाडला राफ्टमध्ये बसलेलं दौंडचं कुटुंब खरं तर आपल्याच खोऱ्यातल्या पाण्यावर वल्हं मारत असतं.

त्या कुटुंबाच्या मनात भीती असते ती कोलाडच्या पाण्याची. आईचा जीव मुलांवर टांगलेला, आजी-आजोबांनी फोनवर दहा वेळा बजावलेलं. तेच कुटुंब दिवाळीच्या सुटीत भीमेच्या बंधाऱ्यावर पोहायला जातं तेव्हा कुणाला काही वाटत नाही, कारण ती नदी घरची. हे उलटं आहे, आणि ते उलटं का आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे असं मला फार वाटतं.

कोलाडची राफ्टिंग चालते ती वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सहसा सकाळी सुटतं. ते सुटल्याशिवाय राफ्ट नदीत उतरवत नाहीत. नदीत किती पाणी आहे आणि ते किती वेळ राहील, हे काठावरच्या प्रत्येक गाइडला माहीत असतं. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, मागे सुकाणूला गाइड. राफ्टिंगच्या प्रवाहांची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. सहावी पायरी जवळजवळ अशक्य पाण्याची, आणि कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्याआधी ती नोंदणी दाखवा म्हणावं, त्यात संकोच कसला?

एवढं असूनही सहल जिवावर बेतू शकते, आणि बेतते ती ठरावीक पद्धतीने. राफ्ट आडवी होऊन खडकाला लागते. माणूस स्वभावाने खडकापासून लांब, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला झुकतो. त्याच्या वजनाने ती बाजू दबते, वरून येणारं पाणी तिच्यावर चढतं आणि राफ्ट खडकाला गुंडाळल्यासारखी चिकटते किंवा उलटते. अशा वेळी सगळ्यांनी खडकाच्याच बाजूला धाव घ्यायची असते. गाइड ओरडून तेच सांगत असतो. पण कुटुंबाच्या राफ्टमध्ये त्या क्षणी कुणी गाइडकडे बघत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात. आई वल्हं टाकून मुलाला धरते, बाप मुलीकडे झेपावतो, वजन एका बाजूला जातं. सुटलेल्या वल्ह्याच्या मुठीने समोरच्याचे दात पडतात. म्हणून मुलांना आईबापांच्या भरवशावर नव्हे, गाइडच्या जवळ बसवावं. मूल सांभाळण्याचं काम तेवढा वेळ दुसऱ्याकडे सोपवणं आईबापांना जड जातं, तरी तेच करावं. कोलाडचे बहुतेक आयोजक चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

पाण्यात पडलंच, तर पाठीवर पडायचं, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याच्या वर. वाटेत खडक आला तर पायाने रेटायचा. पाणी कमरेएवढं दिसलं तरी धारेत उभं राहायचं नाही. पाऊल तळाच्या दोन दगडांच्या बेचक्यात अडकतं, वरून पाणी ढकलतं, शरीर पुढे कोसळतं आणि डोकं पाण्याखाली जातं. कमरेएवढ्या पाण्यात पोहणारी माणसं बुडतात ती अशी. जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून कुणाला तरी वर उचलायला सांगावं. ते कानापर्यंत वर आलं, तर पाण्यात डोक्यातून निघून जाईल. लहान मुलाच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

वाहत्या पाण्याच्या रेट्याचा हिशेब लोकांना कुणी सांगत नाही. गुडघाभर पाणी झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, म्हणजे ताशी सात किलोमीटरने वाहत असेल, तर दोन्ही पायांवर मिळून पंचवीस-तीस किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, शंभर किलोच्या पुढे जातो. वेग दुप्पट झालेला काठावरून धड कळतही नाही. पाणी जरा गढूळ दिसतं आणि आवाज बदलतो, एवढंच.

आता घरच्या नद्या. पावसाळ्यात दौंडचं नाव वर्तमानपत्रात रोज येतं ते विसर्गाच्या आकड्यासाठी. उजनी किती भरणार, याचा अंदाज सोलापूरकर त्यावरून बांधतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास हजार टन पाणी. ते पुण्याहून खाली येतं. पवना, चासकमान, भामा आसखेड या धरणांचं पाणीही भीमेतच येतं. घोडमध्ये डिंभ्याचं आणि कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी उतरतं, आणि घोडही शेवटी भीमेलाच मिळते. दौंडला आभाळ निरभ्र असताना, ऊन पडलेलं असताना नदी चढते. पाऊस पडला तो शंभर किलोमीटरवर, सह्याद्रीत.

याच प्रकारे ८ जून २०१४ रोजी हिमाचलात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. पाऊस नव्हता. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. मुलं खडकांवर फोटो काढत होती.

आपल्याकडे सर्वांत फसवी जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. भीमा, मुळा-मुठा आणि घोडवर असे बंधारे ठिकठिकाणी आहेत. पावसाळ्याआधी ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की बसवायचे, ही रीत. ढापे बसल्यावर बंधारा भरतो आणि वरून पाणी सांडू लागतं. चार-पाच फुटांची सरळ, पांढरी, सुंदर धार. दिवाळीच्या सुटीत मुलं तिच्याखाली आंघोळीला जातात. राफ्टिंगचे गाइड नदीत सर्वांत जास्त भितात ते नेमकं अशा धारेला.

कारण असं. वरून पडणारं पाणी सरळ तळाशी जातं आणि तळातून पुढे निसटतं. पडतं तिथे पृष्ठभागावर जी पोकळी राहते ती भरायला पुढचं पाणी मागे वळतं. म्हणजे बंधाऱ्याच्या पायथ्याशी वरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडे वाहत असतं. त्यात सापडलेला माणूस काठाकडे पोहत असतो आणि पाणी त्याला धारेखाली ओढत असतं. धार त्याला तळाला नेते, तो पुढे वर येतो, पाणी पुन्हा मागे खेचतं. डोंगरातल्या धबधब्याला वेडेवाकडे खडक असतात, कुठेतरी पाण्याला फट मिळते आणि माणूस बाहेर फेकला जातो. बंधारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आणि सारखा, त्याच्या घेऱ्याला फट नाही. शिवाय तिथलं पाणी फेसाळ असतं. फेस म्हणजे अर्धी हवा, तिच्यावर शरीर नीट तरंगत नाही, वल्हवलेला हातही पोकळीत जातो. वाचवायला उडी टाकणारा दुसराही तिथेच अडकतो. ढापे अर्धवट काढलेले असतील तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाही धोका. मोकळ्या गाळ्याकडे पाणी ओढ घेतं, आणि गाळ्यात माणूस अडकला तर त्याच्यावर बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्याचा दाब येतो.

दुसरी फसवणूक वाळूच्या खड्ड्यांची. दौंड-शिरूरच्या नदीपात्रांतून वर्षानुवर्षं यांत्रिक बोटींनी वाळू उपसली गेली. महसूल खातं त्या बोटी पकडून जिलेटिनने उडवतं, त्याच्या बातम्या आपण वाचतो. बोट गेली तरी खड्डा तिथेच राहतो. गुडघाभर पाण्यातून चालणारं पोर पुढच्या पावलाला पुरुषभर खोल जातं, आणि खड्ड्याची कड वाळूची असल्याने धरायला जावं तर ती ढासळते. आजोबांना नदीचा तळ पाठ होता, डोह कुठे आणि उतार कुठे हे ते डोळे मिटून सांगत. तो तळ आता राहिलेला नाही. गावातल्या जाणत्यांचा शब्द नदीच्या बाबतीत जुना झाला आहे, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात जी कुंडं आहेत, तिथे गोष्ट वेगळी. काळ्या बेसाल्टमध्ये दगडगोटे पाण्याबरोबर गरगरून हे रांजणखळगे कोरले गेले. मळगंगेच्या दर्शनाला येणारी कुटुंबं त्यांच्या काठावर उभी राहून वाकून बघतात. खळग्यांच्या भिंती गुळगुळीत, अनेकांचं तोंड लहान आणि पोट मोठं. आत पडलेल्याला बोट रोवायला जागा नाही, आणि वरून हात द्यायला वाकणारा शेवाळावर उभा असतो.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मध्ये एका खडकावर उभं राहिलं. वर पाऊस वाढला, पाणी चढलं, ते एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. एक महिला आणि चार मुलं गेली. चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. एकमेकांना धरणं चूक नव्हतं. पाणी घोट्याएवढं होतं तेव्हाच तिथून निघायला हवं होतं, नंतर काही उरलं नव्हतं. ती धार इंद्रायणीची, म्हणजे तुळापूरला भीमेत येऊन पुढे दौंडला पोहोचणारी.

त्याच्या महिनाभर आधी, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट उजनीच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला, सहा जण बुडाले. त्यात नवरा-बायको आणि त्यांची दोन चिमुकली होती. ही सहल नव्हती, रस्त्याने लांबचा फेरा पडतो म्हणून लोक रोज करतात तो प्रवास होता. फुगवटा दौंड तालुक्याच्या टोकापर्यंत येतो. धरणाचं संथ पाणी वाऱ्याच्या झोतात काही मिनिटांत लाटांचं होतं. कोलाडला तासाभराच्या गमतीसाठी जॅकेटशिवाय बसू देत नाहीत आणि रोजच्या प्रवासात चिमुकल्या लेकरांना तसंच बसवलं जातं. याचा मला राग येतो, आणि तो यावाच.

जॅकेट काही महागडी जादू नाही. पाण्यात प्रौढ माणसाचं वजन जेमतेम काही किलो भरतं. त्याचं तोंड वर ठेवायला सात किलोच्या आसपास उचल पुरते. झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन वीस किलोच्या आसपास उचल देतो. असे कॅन आपल्या प्रत्येक गोठ्यात आणि शेडमध्ये पडलेले असतात. कॅनला उसाच्या ट्रॉलीचा दोर बांधून तो बुडणाऱ्याच्या पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकायचा, म्हणजे पाणीच त्याला त्याच्याकडे आणतं. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, नाहीतर ओढीने फेकणाराही आत जातो. खाली बसून, पाय रोवून, माणसाला वळवत काठाकडे घ्यायचं. दोर नसेल तर साडी, पटका, जे असेल ते. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणावर तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून बुडणाऱ्या मुलांकडे फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघे मात्र हाती लागले नाहीत.

काठावर आणलेल्याला आपल्याकडे अजूनही पालथं धरतात, पोट दाबतात, पाणी काढतात. त्यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं पाणी बाहेर आलं की ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. श्वास थांबला असेल तर उताणं, सपाट जागी ठेवून, हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाने पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. आणि मूल शुद्धीवर येऊन हसायला लागलं, तरी त्याला घरी न नेता दवाखान्यात न्यायचं, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो.